डोळे उघडून दिलेली माणसं

भाद्रपदातला पाऊस मला आवडत नाही. आषाढातल्या पावसाला निदान काम असतं, रोवणीची घाई असते. भाद्रपदातला नुसता रेंगाळतो. धान पोटरीत आलेला असतो, बांध्या तुडुंब असतात, दुपारी ऊन पडतं तेही ओलंच. भिंती आतून घामेजतात आणि मोहाडीच्या आमच्या फोटो स्टुडिओत कुबट, गोडसर वास सुटतो. तो भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास. पितरांचा पंधरवडा जवळ आला की गावोगावची माणसं भिंतीवरचे फोटो उतरवून आमच्याकडे आणतात. चार महिन्यांच्या ओलीनं काचेला चिकटलेले चेहरे. कुणाची हनुवटी वाळवीनं खाल्लेली, कुणाच्या कपाळावर बुरशी उगवलेली. पितराच्या पानासमोर ठेवायचा माणूस जरा बरा दिसावा एवढीच सगळ्यांची इच्छा असते.

यंदाही आले. कालपासून बाकावर काही मयत मंडळी पालथी पडून आहेत. पालथी मीच घातली आहेत. पूर्वी मी असली थेरं करत नव्हते. ही सवय लागली त्या एका भाद्रपदात, आमचा जुना कंप्युटर पुसून नव्यानं उभा करावा लागला तेव्हापासून.

स्टुडिओ आमच्या मालकांचा. आमच्याकडे नवऱ्याला मालक म्हणतात. मी मात्र 'हे' म्हणत आले, तेच बरं पडतं. लग्नं, बारशी, दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेतली नाटकं, सगळीकडे यांचा कॅमेरा. पण यांचं खरं नाव होतं ते शेवटच्या फोटोसाठी. पूर्वी खेड्यातल्या कित्येकांचा जिवंतपणी फोटोच निघत नसे. माणूस गेला की घरचं कुणीतरी मोटारसायकलवर यायचं, हे कॅमेरा गळ्यात अडकवून तसेच निघायचे आणि तिरडी उचलण्याआधी चेहऱ्याचा एक फोटो घ्यायचे. मग तेरवीपर्यंत त्या फोटोचा माणूस करायचा. नाकातला कापूस काढायचा, कपाळावरचा गुलाल पुसायचा. कंप्युटरात एक काळा कोट होता, आत पांढरा सदरा, लाल टाय. जन्मभर बंडी-धोतरात राहिलेले सगळे मेल्यावर तो कोट घालून भिंतीवर बसले. बायकांना एक जांभळा शालू. मागे निळं आभाळ, थोडे ढग. तालुक्याचा स्वर्ग तुम्ही एकट्यानं सजवून ठेवला आहे, असं मी यांना चिडवायची. हे हसत नसत. "गिऱ्हाइकाले पाहिजे ते द्या लागते," एवढंच म्हणायचे.

आणि मिटलेले डोळे उघडायचे. ते कसं करतात हे मी कधी विचारलं नाही. शिंपी काजं कशी करतो हे तरी कोण विचारतं?

हे गेले त्या भाद्रपदाच्या आदल्या वर्षी, चैत्रात, भर दुपारी, जेवून पाटावरून उठताना. स्टुडिओ माझ्या गळ्यात पडला. मी पासपोर्ट फोटो काढायला शिकले, ऑनलाइन अर्ज भरायला शिकले, फ्रेमी बसवायला तर येतच होतं. आमची लेक पल्लवी नागपूरला नोकरीला असते. फोटोचं बारीक काम ती यांच्याकडूनच शिकलेली. तेरवीच्या आदल्या दिवशी तिनंच यांचा फोटो तयार केला आणि आम्ही तो स्टुडिओत, कंप्युटरच्या वर लावला. कोट घातला नाही एवढी कृपा. फोटोत चष्मा नव्हता आणि हे सरळ समोर पाहत होते, अगदी मायेनं. मला ते फार बरं वाटायचं, कारण जिवंतपणी या माणसानं माझ्याकडे धड सरळ पाहिलंच नाही. एक डोळा कॅमेऱ्यात, दुसरा मिटलेला, आणि कॅमेरा नसला की जाड भिंगांचा चष्मा. मेल्यावर तरी सुधारले, असं मी रोज सकाळी उदबत्ती लावताना त्यांना ऐकवायची. दिवसभराचं सगळं सांगायची. वर्ष असं गेलं.

त्या वर्षभरात लोक माझ्याशी जरा विचित्र वागत होते. एक मुलगी अर्जासाठी फोटो काढायला आली. मी कॅमेऱ्यामागून मान वर करून म्हटलं, "हनुवटी खाली घे वं," तर तिनं माझ्याकडे पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले. का ते तिलाही सांगता येईना. एक धिप्पाड शेतकरी माझ्याशी बोलताना सारखा जमिनीकडे पाही, वडिलांसमोर उभा असल्यासारखा. आणि तलावापलीकडच्या गावची कौतिकाबाई. माझ्या आईहून म्हातारी. नवऱ्याच्या फोटोत पाणी शिरलं म्हणून फ्रेम कापडात गुंडाळून एसटीनं घेऊन आली होती.

"नाक गेलं, तोंड गेलं," ती म्हणाली. "डोळे तेवढे राह्यले. पितराच्या आधी देजो, माय."

मी फ्रेमवरून नजर उचलून तिच्याकडे पाहिलं. त्याबरोबर त्या म्हातारीनं डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढला आणि बाजूला तोंड करून उभी राहिली. आमच्याकडे त्या वयाच्या बायका नवऱ्यासमोर, जेठासमोर, म्हणजे थोरल्या दिरासमोर, तसं करतात. माझ्यासमोर कशाला? मला रागच आला. विधवेचं तोंड पाहवत नसेल, अशी मी मनातल्या मनात समजूत काढली आणि फ्रेम उचकटायला घेतली. खरंच पाण्यानं तोंड खाल्लं होतं आणि डोळे कोरडे ठणठणीत होते. डाव्या डोळ्याच्या कोपऱ्याशी एक बारीकसा खळगा दिसत होता. असा डाग मी पुष्कळ फोटोंवर पाहिला होता, आणि दर वेळी फडक्यानं पुसायला गेले होते. तो कधी निघाला नव्हता.

नेमका त्याच आठवड्यात कंप्युटर अडला. मधूनच बंद पडायचा, निळा पडदा दाखवायचा, पांढऱ्या अक्षरांत काहीतरी बडबडायचा. त्याच्या आतला सेल केव्हाच मेला होता, त्यामुळे लाईन गेली की तो तारीख विसरायचा आणि कितीतरी वर्षं मागे जाऊन बसायचा. मी ती तारीख दुरुस्त करायचं सोडून दिलं होतं. त्याच्या लेखी हे अजून होते. फ्रेमी बाकावर साचत चालल्या आणि पडद्यावर यांची जुनी तारीख. भरदुपारी एकटीनं तिथं बसायला मला पहिल्यांदाच कसंतरी वाटलं.

पल्लवी पितरासाठी घरी आली ती पेनड्राइव्ह घेऊनच. तिनं कंप्युटरचं झाकण काढलं, धूळ फुंकली, कान लावून ऐकलं. आतून टिक, टिक असा आवाज येत होता.

"आई, डिस्क मरून राहिली," ती म्हणाली. "फॉर्मॅट मारावंच लागन. सगळं पुसून नवीन टाकते. जुनं जेवढं निघन तेवढं काढून घेऊ आधी."

"बाबांचं सगळं काढ," मी म्हटलं.

"सगळं नाही निघणार. चालू राहते तोवर काढा लागन. काय पाहिजे ते सांग."

काय पाहिजे ते मला कुठं माहीत होतं. ती एकेक फोल्डर उघडत गेली. यांनी नावं सरळ ठेवलेली: कोट, शालू, आभाळ, हार. मोकळा कोट पडद्यावर आला, आत कुणी नाही, नुसता उभा राहिलेला कोट. मी म्हटलं, बंद कर ते. मग तिनं 'डोळे' नावाचं फोल्डर उघडलं. आत एकच चित्र. दोन डोळे, बस्स. पडदाभर.

दिवसा लाईट चालू होता, बाहेर रस्त्यावर बाजाराची गर्दी होती, भाजीवाली भाव ओरडत होती. तरी मी खुर्ची मागे ओढली. डाव्या डोळ्याच्या कोपऱ्याशी कांजिण्यांचा खळगा होता. मी आपोआप हात तिथं नेला. माझा खळगा जागच्या जागी होता.

"पल्लवी, हे माहे डोळे आहेत."

"मस्करी नोको करू."

मी चष्मा काढून तिच्यासमोर चेहरा धरला. तिनं पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, परत पडद्याकडे. मग हळूच म्हणाली, "आई, बाबा तर सगळ्याइलेच हेच लावत होते. माणसाइले नुसत्या भुवया जाड करून द्यायचे."

आता समजलं, ती मुलगी का रडली. तिच्या घरच्या भिंतीवरून तिची गेलेली आई माझ्या डोळ्यांनी पाहत असणार. त्या शेतकऱ्याचा बापही. या आसपासच्या गावांत किती घरांत मी भिंतीवर आहे, कोट घालून, शालू नेसून, मिशा लावून, याचा मला पत्ता नाही. माझ्यासमोर रोज हळदकुंकू वाहतात, वाटीभर खीर ठेवतात. मी इथं जिवंत, मोहाडीत बसून अर्ज भरते आहे. मला हसू यायला हवं होतं. एरवी आलंही असतं.

तो फोटो कधीचा हे मला लगेच आठवलं. भाद्रपदच होता. पल्लवी पोटात होती. यांनी पहिला डिजिटल कॅमेरा आणला होता आणि गिऱ्हाइकांवर वापरण्याआधी तो घरच्या माणसावर करून पाहायचा होता. मला स्टुलावर बसवलं. कॅमेरा तीन पायांच्या स्टँडवर ठेवला आणि पहिल्यांदाच हे त्याच्या मागे डोकं न घालता सरळ उभे राहिले. ओलीनं चष्म्यावर वाफ धरली होती, म्हणून तो काढून सदऱ्याला पुसत होते. मी भिंगाकडे पाहत होते.

"कॅमेऱ्याकडं नोको पाहू," हे म्हणाले. "माह्याकडं पाह."

मी वर पाहिलं. चष्म्याशिवायचे दोन उघडे डोळे. लग्नानंतर प्रथमच इतके जवळून, उजेडात. हे माझ्याकडे पाहत होते आणि मी यांच्याकडे. तेवढ्यात बोटानं बटण दाबलं गेलं. नंतर फोटो कसा आला विचारलं तर म्हणाले, बरा आला. फोटो मला दाखवला नाही. तो असा कामाला लावला.

हे सगळं मी पल्लवीला सांगत होते. तिची मान खाली गेली. मग ती उठली आणि कंप्युटरच्या वरची, हार घातलेली फ्रेम तिनं खिळ्यावरून उतरवली. मी थांब म्हणेपर्यंत तिनं ती माझ्या हातात दिली.

"बाबाचा चांगला फोटोच नव्हता," ती म्हणाली. "खुर्चीत झोपले होते दुपारी, तो मी मोबाइलवर काढला होता. तोच एक साफ होता. डोळे मिटलेले होते, म्हणून मी हे... मले काय माहीत होतं, आई, हे तुहे आहेत."

यांच्या चेहऱ्यात माझे डोळे. कोपऱ्यात खळगा. वर्षभर मी त्यावरून फडकं फिरवत होते आणि वर्षभर रोज सकाळी ज्यांच्याशी बोलत होते ती मीच होते. ती मायाही माझीच, आणि मी ती यांची समजून खुशीत होते. मला पोरीचा राग आला नाही. मला भीती वाटली, आणि ती भुताखेताची नव्हती. मी डोळे मिटून यांचे डोळे आठवून पाहिले आणि मला तेच दिसले, फोटोतले. स्टुलावर बसून पाहिलेले ते खरे डोळे काळे होते की तपकिरी, पापण्या कशा होत्या, काही केल्या आठवेना. वर्षभरात मी त्यांच्यावर माझेच डोळे चढवून टाकले होते.

"या डिस्कमध्ये कुठंतरी असतीन," मी म्हटलं. "शोध. एक फोटो शोध."

ती दुपार आम्ही दोघी पडद्यासमोर बसलो. यांनी गावाचे हजारो फोटो काढले, आणि यांचा एक नाही. वरातीच्या फोटोत आरशात दिसतात, तोंडावर कॅमेरा. समूहफोटोत कडेला सावली पडली आहे ती यांची. ओळखपत्रावर चष्म्याची दोन पांढरी भिंगं, फ्लॅश पडून चकाकलेली. लग्नाचा अल्बम तर कधीच ओलीनं पानं एकमेकांना चिकटून वीट झाला होता, आणि त्यातही मुंडावळ्यांखाली यांची मान खालीच होती हे मला पक्कं आठवतं. कंप्युटर मधेच बंद पडायचा, थंड होऊ द्यायचा, पुन्हा चालू. दर वेळी टिकटिक मोठी व्हायची. पल्लवी तारीखवार पुढे सरकत राहिली आणि शेवटी एका फोल्डरपाशी सगळं थांबलं.

यांचे डोळे कुठंही नव्हते.

"तुहे डोळे तरी काढून घेऊ का?" तिनं विचारलं. "अडकून राहिली ती फाइल. इथं नाही निघाली तर डिस्क नागपूरले नेऊन पाहता येईन. तशी निघते कधी कधी."

मी विचार केला. ते डोळे ठेवले असते तर पुढच्या कुणालाही लावता आले असते. गिऱ्हाइकाला पाहिजे ते द्यावं लागतं. पण ते पाहणं मी त्या दिवशी एका माणसाला दिलं होतं. गावातल्या सगळ्या मेलेल्यांना वाटून झालं, पुरे झालं. मी नको म्हटलं. पुसून टाक.

तिनं पेनड्राइव्ह लावून मशीन चालू केलं. यावरचं सर्व काही पुसलं जाईल, खात्री आहे ना, असं पडद्यानं विचारलं. ते बटण मीच दाबलं. मग एक पट्टी इकडून तिकडे भरत गेली. कोट गेला, शालू गेला, आभाळ गेलं. मधे पडदा पूर्ण काळा झाला आणि त्यात आम्हा दोघींचे चेहरे दिसले, तिचा पुढे, माझा मागे. डोळ्यांच्या जागी नुसत्या खाचा. पल्लवी म्हणाली, "आई, लांब हो ना जरा." पुढं नवं मशीन सुरू झालं, त्यानं भाषा विचारली, नाव विचारलं. तारीख पल्लवीनं आजची टाकली. मराठी फॉन्ट अजून टाकले नव्हते, त्यामुळे वाचवलेल्या फाइलींतली श्रद्धांजली नुसती वेडीवाकडी इंग्रजी अक्षरं होऊन उभी राहिली. कुणाच्या नावाची ते देवालाही वाचता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी पल्लवीनं मोबाइलमधला तो झोपलेला फोटो छापला. खुर्चीत मान कलंडलेली, तोंड किंचित उघडं, डोळे मिटलेले. आता तोच भिंतीवर आहे. झोपलेल्या माणसाला हार घालवत नाही, म्हणून घालत नाही. आलेले लोक एकदा पाहतात आणि कामाचं बोलू लागतात. पितराच्या दिवशी उडदाचे वडे, कोहळ्याची भाजी, खीर असं पान त्यांच्यासमोर ठेवलं आणि पल्लवी न राहवून म्हणाली, "बाबा उठा, जेवून घ्या." आम्ही दोघी खूप रडलो.

सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी मी कौतिकाबाईची फ्रेम पोचवायला गेले. पल्लवीनं नव्या मशीनवर तिच्या नवऱ्याचं नाकतोंड नीट करून दिलं होतं. डोळ्यांना हात लावायची गरज पडली नाही. एसटीतून उतरून तलावाच्या पाळीवरून चालले. दोन्ही बाजूंनी पाणी, वर ढगाळ ऊन, धानाला दुधाळ वास. म्हातारी एकटीच घरात होती. तिनं मला सतरंजीवर बसवलं, पाणी दिलं, फोटो भिंतीला टेकवून ठेवला आणि माझ्याशेजारी बसून बराच वेळ पाहत राहिली. मी सांगून टाकावं की नाही याचा विचार करत होते. एवढ्या वर्षांचा तिचा संसार त्या डोळ्यांशी. मी कोण तो मोडणारी?

"चांगलं झालं," ती म्हणाली. "पण एक सांगू का, माय? हे माह्याकडं पाहत नाही."

"म्हणजे?"

"पाह ना तू. समोर बसली तरी माह्या मांगं पाहते. जरासं वरतं. कोणी उभं असल्यावानी. पयले मी वळून वळून पाहो मांगं. दार लावून घेवो. आता सवय झाली." तिनं भिंतीवरच्या फोटोंकडे बोट केलं, सासू, दीर, सगळे यांच्याच हातचे. "ते बी तिकडंच पाहते. आमच्या घरचे सारेच तिकडं पाहते. कोण असन वं ते?"

मी फोटोकडे पाहिलं. खरं होतं. इतक्या फ्रेमी हातांखालून गेल्या, मला कधी दिसलं नव्हतं. त्या डोळ्यांनी आमच्या डोक्यांवरून, आमच्या मागे उभ्या असलेल्या कुणाकडे तरी पाहिलं होतं, आणि ते अजून पाहत होते. नव्या नवरीसारखे, जरा लाजून.

"असन कोणी घरचंच," मी म्हटलं.

मग मी मागे वळून पाहिलं. दार उघडं होतं, अंगणात ओलं ऊन पडलं होतं, दारात कुणी नव्हतं. मी पुन्हा फोटोकडे तोंड केलं, आणि सतरंजीवर एका माणसाची जागा करून जरा सरकून बसले.